जायबंदी शिपायांचा योगक्षेम : भंडारा प्रांताच्या निमित्तानें एक विचार

लढाईच्या हकीकती लिहिण्याची बखरकारांची एक ठरलेली रीत आहे. कोण कोणत्या बाजूस होता, तोंड कसें लागलें, किती घोडा पडला, कोण कोण नामांकित कामास आले आणि शेवटीं फत्ते कोणाची झाली, इतकें सांगितलें म्हणजे प्रकरण संपतें. जखमी फार झाले, असें एखादें वाक्य मध्यें येतें व त्यापुढें लेखणी जात नाहीं. परंतु लढाई संपली तरी जखमी माणसाचें आयुष्य संपत नाहीं. ज्याचा उजवा हात मनगटापासून गेला त्यास पुढें वीस वर्षें पोट असतें, घरीं बायको असते, पोरें असतात. नांगर धरावयास मात्र हात नसतो. त्याचें पुढें काय झालें, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेंतलाच आहे. राज्य कसें मिळविलें हें जयपत्रांवरून कळेल. तें कसें चालविलें हें अशा माणसाच्या घरच्या चुलीवरून कळतें.

प्रस्तुत लेखांत मराठी राज्यांत जायबंदी शिपायांची व मृत शिपायांच्या कुटुंबांची व्यवस्था कशी होत असे याचा थोडक्यांत विचार करून, त्याच सुमारास अमेरिकेंत नव्यानें उभ्या राहिलेल्या राज्यानें हा प्रश्न कसा सोडविला, त्याच्याशीं तिची तुलना करण्याचें योजिलें आहे. हा विचार आम्हीं भंडारा प्रांताच्या निमित्तानें करीत आहों, याचें कारण उघड आहे. नागपुराहून छत्तीसगडाकडे व कटकाकडे जाणारी वाट वैनगंगा ओलांडून याच मुलुखांतून जाते. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजांनीं इ. स. १७४१ मध्यें रतनपूर घेतलें आणि १७५१ मध्यें कटक प्रांत त्यांच्या अंमलाखालीं आला. त्या फौजांच्या येण्याजाण्याचा भार या प्रांतानें वाहिला. येथें भंडारा प्रांत म्हणजे आजचा लहान जिल्हा नव्हे. लांजीकडील मुलूख १८६७ मध्यें नव्या बालाघाट जिल्ह्यांत गेला व पूर्वेकडील तालुके १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्ह्यांत गेले. जुन्या कागदांत भंडाऱ्याच्या नांवें येणारा मुलूख या सर्वांस कवळून आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रथम शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील पांचव्या अधिकरणांत भृत्यांच्या भरणाचें प्रकरण आहे. राजकार्यांत जे मरण पावतील त्यांच्या पुत्रांस व स्त्रियांस अन्न व वेतन मिळावें, आणि त्यांच्या घरचीं बालकें, वृद्ध व रोगी यांवर राजानें अनुग्रह करावा, असा तेथें नियम आहे. महाभारताच्या सभापर्वांत नारद युधिष्ठिरास जे अनेक प्रश्न विचारतो त्यांत, तुझ्यासाठीं ज्यांनीं मृत्यु पत्करला किंवा जे संकटांत पडले त्यांच्या स्त्रियांचें भरण तूं करतोस ना, असा एक प्रश्न आहे. आणि अंध, मूक, पंगु, व्यंग व निराश्रित यांस तूं पित्याप्रमाणें सांभाळतोस ना, असा दुसरा आहे.

हीं दोन्ही स्थळें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु त्यांतील एका भेदाकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. मृत सेवकाच्या कुटुंबाविषयीं शास्त्राची भाषा मिळकतीची आहे : त्यांनीं वेतन मिळवावें. पंगु व व्यंग यांच्याविषयींची भाषा मात्र कृपेची आहे : राजानें त्यांस पित्याप्रमाणें पाळावें. जो रणांत पंगु झाला तो या दोहोंपैकीं कोणत्या पंक्तींत बसतो? त्याचें पालन हें राजाचें ऋण कीं राजाची दया? या एका प्रश्नाभोवतीं पुढील सर्व इतिहास फिरतो.

मराठी राज्यांतील या विषयाचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत आहे. मार्गशीर्ष शुद्ध ७ शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफजलखानाचा वध व त्याच्या फौजेचा मोड झाला. त्यानंतर शिवाजी महाराजांनीं आपल्या लोकांची काय व्यवस्था केली तें सभासद सांगतो. जे लढतां लढतां पडले त्यांच्या पुत्रांस पुढें चालविलें; ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांस निमें वेतन करून दिलें; आणि जे जखमी झाले त्यांस जखम पाहून दर असामीस दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस होन असे दिले.

या मजकुरांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, जखमेस प्रतवारी होती. सरसकट बक्षीस नव्हतें. कोणीतरी जखम पाहिली, तिचें मान ठरविलें व त्या मानानें रक्कम लिहिली. दुसरी, विधवेस दिलेलें निमें वेतन हें चालूं राहणारें होतें. जखमी माणसास दिलेले होन मात्र एकदांच दिलेले दिसतात. तिसरी, ही व्यवस्था सरदारांपुरती नव्हती. भांडणाऱ्या सर्व लोकांविषयीं ती सांगितली आहे. सभासदानें ही बखर प्रसंगानंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं, जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, हें खरें. तेव्हां तिला रोजकीर्दीची किंमत देतां येणार नाहीं. परंतु ज्या काळीं राज्य जिंजीच्या तटांत कोंडलें होतें, त्या काळीं छत्रपतीस त्याच्या पित्याचें हें वर्तन मुद्दाम सांगावेंसें वाटलें, यालाही पुराव्याचें मोल आहे. राज्यास माणसें हवीं असतील तर जखमेची किंमत द्यावी लागते, हें सभासद जाणत होता.

पेशवाईंत या व्यवस्थेस रूढ नांव मिळालें, तें बालपरवेशी. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या व १९०२ पासून छापून निघालेल्या पेशव्यांच्या रोजनिशींतील उताऱ्यांत हें सदर वाचकांच्या दृष्टीस पडतें. सुरेंद्रनाथ सेन यांनींही मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील १९२३ च्या व लष्करी व्यवस्थेवरील १९२८ च्या ग्रंथांत या विषयाचा परामर्श घेतला आहे. शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. बाल हें पद संस्कृत, परवरिश हें फारसी. दोहोंचा संधि मराठी कारकुनाच्या लेखणीनें केला. त्याचा अर्थ मुलांचें संगोपन. लढाईंत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांस रोख नेमणूक, धान्य किंवा जमीन लावून देणें, हा त्याचा व्यवहार.

परंतु शब्द जसा अर्थ सांगतो तसा कारकुनाची दृष्टि कोणीकडे होती हेंही सांगतो. मृताच्या मुलास स्वतंत्र सदर मिळालें. जिवंत राहिलेल्या लुळ्या-पांगळ्या शिपायास जें मिळे त्यास इनाम, नेमणूक, तैनात अशीं सामान्यच नांवें लागत. मूल उद्यां घोड्यावर बसणार होतें. बापाची जागा चालविणार होतें. जायबंदी बापाकडून पुढें चाकरीची आशा नव्हती. म्हणून त्याचें नांव हिशेबांत असलें तरी त्याच्या नांवाचें सदर नसे. आतां आपण सर्वच जो पेन्शन शब्द वापरतों, त्याच्या मुळाशीं तोलणें व तोलून देणें या अर्थाचा लॅटिन धातु आहे. जखम तोलून तिचें वेतन ठरविणें ही कल्पना सभासदाच्या होनांतही आहे. तिला स्थायी रूप व स्थायी नांव मिळावयाचें राहिलें.

येथें शिलेदार व बारगीर यांतील भेदही विसरून चालणार नाहीं. शिलेदार आपला घोडा व आपलें हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचें भांडवल बुडे, पण तो स्वतः धड असेल तर कर्ज काढून पुन्हां उभा राहूं शके. बारगिराजवळ देहावांचून दुसरें भांडवल नव्हतें. एक पाय गेला कीं त्याचें सर्वस्व गेलें. म्हणून मराठी फौजेंतील जखमेचा हिशेब करतांना जखमी कोण, शिलेदार कीं बारगीर कीं पायदळांतील प्यादा, हें पाहिल्यावांचून रकमेचा अर्थ लागत नाहीं.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. भोसल्यांच्या राज्यांत रोख पैशाची चणचण व पडीक जमिनीची विपुलता होती. म्हणून चाकरीचा मोबदला पुष्कळदां जमिनीच्या रूपानें दिला जाई. याचें ठळक उदाहरण भंडारा प्रांतांतील पोवार समाजाचें आहे. कटकच्या स्वारींत भोसल्यांस साहाय्य केल्याबद्दल या समाजांतील प्रमुखांस वैनगंगेच्या खोऱ्यांतील पडीक व जंगली मुलूख मिळाला व तेथून ते अंबागड, चांदपूर व लांजीकडे पसरले, ही हकीकत एकोणिसाव्या शतकांतील जमाबंदीच्या वेळीं नोंदली गेली व १९०८ च्या भंडारा गॅझेटियराच्या काळापर्यंत सर्वमान्य होती. या लोकांनीं जंगल तोडलें, बांध घातले, तळीं बांधून भाताची शेती वाढविली. कोहळी समाजाच्या तलावांबरोबर पोवारांच्या बांध्यांनींही या प्रांताचें आजचें रूप घडविलें आहे.

रणांतील चाकरीचा असा सुंदर परिणाम क्वचितच पाहावयास मिळतो. पण विचार केला असतां दिसून येईल कीं, या देणगीचा लाभ धडधाकट माणसास होतो. साग-मोहाचें रान तोडणें, मुळें खणून काढणें, पाळ घालणें, हें एका हाताच्या माणसाचें काम नव्हे. त्यास पडीक जमिनीचा पट्टा देणें म्हणजे आंधळ्यास आरसा देणें. ज्याचे भाऊ-पुत्र कर्ते आहेत त्याच्या घरीं ती जमीन पिकेल. एकट्या जायबंदी माणसाच्या नांवावर ती रानच राहील. म्हणजे जमिनीची देणगी ही कुळास दिलेली देणगी आहे, देहास नव्हे. मराठी राज्यांत जखमी माणूस जगला तो बहुधा आपल्या कुळाच्या आधारानें जगला. राज्यानें कुळास हात दिला व कुळानें त्यास.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेचें उदाहरण फार बोधप्रद आहे. तेथील प्लिमथ वसाहतीनें १६३६ मध्येंच असा ठराव केला होता कीं, वसाहतीनें पाठविलेला शिपाई जायबंदी होऊन परतला तर वसाहतीनें त्यास जन्मभर पोसावें. पुढें इंग्लंडच्या राजाशीं युद्ध जुंपल्यावर, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून दोन महिनेही झाले नव्हते तोंच, २६ ऑगस्ट १७७६ रोजीं तेथील काँग्रेसनें ठराव केला : ज्याचा अवयव जाईल किंवा जो पोट भरण्यास असमर्थ होईल त्यास जन्मभर, अथवा असमर्थता असेतोंपर्यंत, निमा पगार मिळेल. जे पहारा व किल्ल्यावरील हलकी चाकरी करूं शकतील त्यांची १७७७ मध्यें लुई निकोला याच्या हाताखालीं निराळी पलटणच उभारली. जमिनीचें आमिषही होतेंच. सप्टेंबर १७७६ च्या ठरावानें युद्धाच्या अखेरपर्यंत राहणाऱ्या साध्या शिपायास शंभर एकर जमीन कबूल केली होती. म्हणजे जमीन हें चाकरीचें बक्षीस व निमा पगार हा जखमेचा मोबदला, असा भेद तेथें पहिल्यापासून केलेला दिसतो. आमच्याकडे जो घोटाळा राहिला तो तेथें कागदावर तरी सुटला.

कागदावर म्हणण्याचें कारण असें कीं, काँग्रेसपाशीं पैसा नव्हता. निमा पगार देण्याचा भार निरनिराळ्या संस्थानांवर पडला. कोणीं दिला, कोणीं टाळला. नवी राज्यघटना अमलांत आल्यावर सप्टेंबर १७८९ च्या कायद्यानें हा भार मध्यवर्ती सरकारानें घेतला. पुढच्याच वर्षीं नव्या सैन्यांत जायबंदी होणाऱ्या साध्या शिपायास दरमहा पांच डॉलरांपर्यंत पेन्शनाची मर्यादा ठरली. त्यानंतर खरी अडचण उभी राहिली, ती जखम तोलण्याची. मार्च १७९२ च्या कायद्यानें हें काम न्यायाधीशांवर सोंपविलें : त्यांनीं अर्जदारास समक्ष पाहावें, साक्षी घ्याव्या व असमर्थता किती हें ठरवावें, परंतु त्यांच्या निर्णयावर युद्धमंत्र्यास हरकत घेण्याची मोकळीक ठेवली. न्यायालयाचा निर्णय मंत्र्यानें तपासावा हें न्यायाधीशांस मान्य झालें नाहीं. विल्यम हेबर्न नांवाच्या एका जायबंदी शिपायाचा अर्ज न्यायालयानें हातीं घेतला नाहीं व हें प्रकरण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्याचा निकाल लागण्यापूर्वींच फेब्रुवारी १७९३ मध्यें कायदा बदलला व पुरावा घेण्याचें काम निराळ्या रीतीनें लावून दिलें. एका लंगड्या शिपायाच्या अर्जानें राज्याच्या दोन अंगांमधील मर्यादा तपासून घेतली, ही गोष्ट लहान नाहीं.

तुलना करतांना आपपरभावानें कोणत्याही बाजूस वजन टाकूं नये. सभासदाच्या म्हणण्याप्रमाणें १६५९ मध्यें साध्या शिपायाच्या निपुत्रिक विधवेस निमें वेतन मिळालें. अमेरिकेंत १७८० च्या ठरावानें सात वर्षें निमा पगार मिळाला तो अधिकाऱ्यांच्या विधवांस व अनाथ मुलांस. स्वातंत्र्ययुद्धांतील साध्या शिपायांच्या विधवांचा विचार व्यापक रीतीनें झाला तो १८३६ च्या कायद्यानें, म्हणजे युद्धानंतर अर्धशतकानें. येथें मराठी व्यवहार अधिक उदार दिसतो. उलट पक्षीं, मराठी देणगी ही धन्याच्या मर्जीची होती. धनी बदलला कीं सनद नवी करून घ्यावी लागे. शिपायास दाद मागावयास दरबारावांचून दुसरी जागा नव्हती. हेबर्नास निदान अर्ज घेऊन उभें राहण्यास न्यायालयाचें दार होतें.

आरंभीं जो ऋणाचा व दयेचा भेद सांगितला तो अमेरिकेंतही मिटला नव्हता. १८ मार्च १८१८ च्या कायद्यानें स्वातंत्र्ययुद्धांतील जुन्या शिपायांस, जखम नसली तरी, दरमहा आठ डॉलर मिळूं लागले. पण अट अशी कीं तो दरिद्री असला पाहिजे. अर्जांचा एवढा लोंढा आला कीं १८२० मध्यें प्रत्येकानें आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी असें ठरलें. ज्यानें राज्य मिळवून दिलें त्यानें घरांतलीं भांडीं व गुरें मोजून दाखवावीं, मग आठ डॉलर घ्यावे! जखमेचें पेन्शन ऋण समजून दिलें गेलें. चाकरीचें पेन्शन प्रथम दया समजून दिलें गेलें.

तेंच १८१८ साल आमच्या प्रांतांत निराळ्या अर्थानें आलें. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीची लढाई झाली. पुढील वर्षीं मार्चमध्यें आप्पासाहेब भोसले कैद झाले, मे महिन्यांत ते निसटले, आणि अल्पवयी तिसऱ्या रघूजींच्या नांवें रेसिडेंट जेन्किन्स राज्य पाहूं लागले. आमच्या प्रांतांत कामठ्याच्या जमीनदारानें बंड केलें तेंही त्याच वर्षीं मोडलें. या लढायांत दोन्ही बाजूंचीं माणसें जायबंदी झालीं. कंपनीच्या बाजूस त्यांची सोय लागलेली होती. मीर जाफराच्या मृत्युपत्रानें मिळालेल्या पांच लाखांवर क्लाइव्हानें १७७० मध्यें गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीं व शिपायांसाठीं निधि उभारला होता. हिंदी शिपायांसाठीं भागलपुराकडे जमिनी तोडून जायबंदींचीं ठाणीं वसविलीं होतीं.

आणि दुसऱ्या बाजूस? ज्या धन्यासाठीं हात गेला तो धनीच परागंदा झाला. नवा अंमल ज्याच्याविरुद्ध तलवार उचलली त्याचाच. जखम दाखवावी तर ती बंडाची खूण ठरे. लपवावी तर नेमणुकीचें कारणच जाई. अमेरिकेंतही राजनिष्ठ बाजूनें लढून हरलेल्यांस काँग्रेसकडून कांहीं मिळालें नाहीं. परंतु त्यांचा धनी इंग्लंडांत शाबूत होता. त्यानें १७८३ पासून कमिशन नेमून त्यांच्या नुकसानीची चौकशी केली व त्यांच्या अधिकाऱ्यांस निमा पगार दिला. भोसल्यांच्या शिपायास असा समुद्रापलीकडचा धनी नव्हता. शिपायाचें पेन्शन राज्याच्या आयुष्याएवढेंच असतें, हें कटु सत्य १८१८ नें शिकविलें. आणि ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी निवर्तल्यावर १८५४ मध्यें राज्य खालसा झालें तेव्हां तें पुन्हां एकदां प्रत्ययास आलें. त्यानंतर माफी जमिनींच्या चौकशींत ज्याच्या घरीं कागद होता त्याचें म्हणणें ऐकलें गेलें. ज्याच्या घरीं केवळ आजोबांच्या जखमेची आठवण होती त्यास सांगण्यासारखें कांहीं नव्हतें.

म्हणून शेवटचा मुद्दा कागदांचा. ८ नोव्हेंबर १८०० रोजीं अमेरिकेच्या युद्धखात्याच्या कचेरीस आग लागून तोंवरचे पेन्शनाचे अर्ज जळाले. त्यापूर्वींच्या जायबंदींचीं नांवें आज मिळतात तीं मुख्यतः काँग्रेसकडे पाठविलेल्या याद्यांवरून. आमच्याकडे नागपूरचा भोसल्यांचा वाडा १८६४ मध्यें जळाला. त्या प्रशस्त इमारतीची वेस तेवढी उरली. राजवाड्यांतील कागदांवर विसंबून राहतां येत नाहीं, हा दोन्हीकडील धडा आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर, यादव माधव काळे यांचे ग्रंथ व १९५० पासून निघालेले नागपूर रेसिडेन्सीचे कागद यांनीं राजकारणाचा सांगाडा उभा केला आहे. जायबंदी शिपाई त्या सांगाड्यांत सांपडणार नाहीं. तो पाटलांच्या, मालगुजारांच्या व जुन्या कारकुनांच्या घरच्या हिशेबी रुमालांत आहे.

संग्राहकांची ओढ स्वाभाविकपणें शिक्क्याच्या पत्रांकडे व नामांकितांच्या हस्ताक्षराकडे असते. मोडींतील हिशेबाचे बंद रद्दी समजून बाजूस पडतात किंवा एकेक पान सुटें करून विकले जातात. एकदां रुमाल फुटला कीं रक्कम एका घरीं, सदर दुसऱ्या घरीं व तारीख तिसऱ्या घरीं जाते. मग त्या कागदाचा जीवच जातो. आमची विनंती एवढीच आहे कीं, भंडारा, पवनी, तुमसर, साकोली, आमगांव, कामठा या बाजूंकडील दफ्तर ज्यांच्या हातीं येईल त्यांनीं तें जसेंच्या तसें बांधून ठेवावें. त्यांत जखमी, जायबंदी, कामास आला, बालपरवेशी, पुत्राचे नांवें असे शब्द जेथें दिसतील तेथें खूण करावी. रक्कम, नाणें, गांव, चाकरीचा प्रकार व कागदाच्या पाठीवरील शेरा हीं पांचही टिपून घ्यावीं. नेमणूक एकदांच दिली कीं दरसाल, आणि बापानंतर मुलास चालली कीं बंद झाली, हें पाठीवरील शेऱ्यावरूनच पुष्कळदां उमगतें. अशीं टिपणें मंडळाकडे आलीं तर त्यांचा तक्ता करून याच त्रैमासिकांत छापतां येईल, आणि सभासदानें चार आंकड्यांत जें सांगितलें त्याचा भोसल्यांच्या राज्यांत पुढें काय विस्तार झाला हें सनावळीनिशीं मांडतां येईल.